सेक्टर दहाचं ताट

भिलाईच्या स्मृति नगरातल्या घराची आवराआवर माझ्याकडे आली, कारण वर्गीकरण मला जमतं, असा आमच्या घरात समज आहे. दिवाळी झाली की आई-बाबा नागपूरला राहायला जाणार आहेत; घराचा व्यवहार झाला आहे, सामानाची गाडी ठरली आहे. स्वयंपाकघरात मी तीन ढीग केले: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. काम वेगानं चाललं होतं. मग ओट्यावरच्या सर्वांत उंच फळीवर, अगदी मागे, जुन्या ओढणीत गुंडाळलेलं एक स्टीलचं ताट हाताला लागलं. आमच्याच इतर ताटांच्या घडणीचं. काठाजवळ टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव मात्र आमचं नव्हतं. ‘दुलारी, से. १०’.

ते तिन्ही ढिगांपैकी कशातच बसेना.

स्टेनलेस स्टील वास धरून ठेवत नाही. अन्नशास्त्राच्या पहिल्या वर्षात हे शिकवतात, आणि आता नोकरीत मी ते इतरांना समजावून सांगते. तरी ओढणीची गाठ सोडवली तेव्हा मला भिजलेल्या तांदळाचा आंबूसपणा आला, आणि त्यामागून गूळ. तो वास ओढणीचा असेल, किंवा माझाच.

आई दारात उभी होती. ताट पाहून तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, “ते राहिलंच.”

“कोणाचं आहे, ते लक्षात आहे ना?” मी उगाच विचारलं.

“तुया बापाचं नाव विसरन मी, पण हे नाही विसरणार,” ती म्हणाली. “गावातून जायच्या आधी हे तिच्या घरी गेलं पाहिजे. आणि रिकामं नाही जाणार.”

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो तेव्हा दिवाळीच्या आधीचे दिवस ताटांचे असत. मिठाईचा विकतचा डबा ही तेव्हा आजारपणाची खूण होती. ज्या घरातली बाई अंथरुणाला खिळलेली असे, तिथूनच दुकानाचा डबा येई. बाकी साऱ्या क्वार्टरांतून ताटं निघत. प्लांटचा भोंगा होऊन सायकली फाटकाशी टेकल्या की दारं वाजू लागत, आणि क्रोशाच्या रुमालांखाली झाकलेला सारा देश आमच्या ओसरीवरून ये-जा करी. बंगाली काकूंचे नारळाचे नाडू. आंध्रच्या घरचे अरिसेलु. केरळच्या घरून फुलाच्या साच्यात तळलेलं काहीतरी, ज्याचं नाव आम्हाला कधीच नीट उच्चारता आलं नाही आणि जे आम्ही चक्क ‘फूल’ म्हणून खाल्लं. समोरच्या क्वार्टरमधून दुलारीकाकीची ठेठरी आणि खुरमी: एक बेसनाची खारी वेटोळी, दुसरी गव्हाची आणि गुळाची, दातांची परीक्षा घेणारी.

या रहदारीला एकच नियम होता. ताट रिकामं परत जायचं नाही. तुमचं काही तळून झालं नसेल तर ताट थांबवून ठेवायचं. घाई असेल आणि घरात खरोखर काहीच नसेल, तर मध्यभागी चिमूटभर साखर घालून द्यायचं. ती साखर मी अनेकदा वाटेत चाटली आहे. त्यामुळे पलीकडे ताट रिकामं पोहोचलं आणि आईला ऐकून घ्यावं लागलं, असंही घडलं आहे. काकी कंबरेवर हात ठेवून दारातूनच हाक मारी, “दीदी, तुंहर घर के सक्कर ला चांटी खा दिस का?” तुमच्या घरची साखर मुंग्यांनी खाल्ली का? आणि मी त्या मुंगीसारखी आईच्या मागे उभी.

आई भंडाऱ्याकडची. भिलाईत आल्यावर पहिल्या दिवाळीला तिचे अनारसे हसले, म्हणजे तुपात पडताच विरघळून कढईभर पसरले. ती रडकुंडीला आली होती. समोरची अनोळखी बाई वास काढत आली, कढईत डोकावली आणि म्हणाली, हे तर आमचं अइरसा आहे, फक्त बुडालेलं. ही हकिकत मी इतक्यांदा ऐकली आहे की तेव्हा मी जन्मले नव्हते यावर माझा विश्वास बसत नाही. दोघींनी आपापला पदार्थ एकमेकींपुढे ठेवला आणि मग भांडण सुरू झालं, ते काकीनं क्वार्टर सोडेपर्यंत टिकलं. तांदूळ दोघींचा सारखाच: तीन दिवस भिजवलेला, रोज पाणी बदललेला, सावलीत पंच्यावर पसरून अर्धवट वाळवलेला. कांडणंही एकाच उखळात, काकीच्या अंगणातल्या, पेरूच्या झाडाखालच्या. पुढे वाटा फुटत. काकी गुळाचा पाक करून त्यात पीठ मारी आणि त्याच दिवशी तळायला घेई. आई कच्चा गूळ पिठात मळून गोळे करी, ते डब्यात दाबून ठेवी, आणि वाट पाही.

“दीदी, तोर पीठ सुतथे का?” काकी विचारी. तुझं पीठ झोपलंय का?

“मुरून राहिलं,” आई म्हणे. “तुले काय कळते त्यातलं.”

त्या डब्यात नेमकं काय चालतं ते मला आता ठाऊक आहे. ओलावा, आम्लता, स्टार्चवर होणारं काम. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी माझ्या प्रयोगशाळेत यंत्र आहे. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की डबा उघडला की आई बोटानं पीठ दाबून, हुंगून, मान हलवी आणि डबा पुन्हा बंद करी. आणि काकीच्या अंगणातून मुसळाचा आवाज येत राही. दोघी समोरासमोर उभ्या, एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर, कधीही एकमेकांना न लागता.

धनत्रयोदशीला दोघी मिळून भांडी घ्यायला जात. ही जुळी ताटं त्यांनी अशीच एका वर्षी घेतली. दुकानाबाहेर नावं कोरणारा बसलेला असे. त्याच्या विजेच्या सुईचा करकराट दातांच्या मुळाशी जाई. आईनं बाबांचं नाव घातलं. काकीला त्यानं सवयीनं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “उंखर नाव तो क्वाटर म लिखाय हे. थारी मोर ए.” त्यांचं नाव क्वार्टरवर लिहिलेलं आहे, ताट माझं आहे. कोरणारा हसला आणि त्यानं लिहिलं, दुलारी. मग काकीनंच पुढे सेक्टर घालायला सांगितला. ताट कुठेही गेलं तरी घरी पोहोचलं पाहिजे म्हणून.

क्वार्टरवर ज्यांचं नाव होतं ते काका एका उन्हाळ्यात गेले. पावसाळाभर त्या घरात काय चाललं होतं ते मुलांना कळू दिलं गेलं नाही. समोरच्या पेरूखाली उखळ झाकून ठेवलेलं दिसे आणि कधी नव्हे ते आमच्या घरात सगळे हळू बोलत. नवरात्र सरलं, हवा कोरडी झाली, आणि एका सकाळी समोर सामान बाहेर निघालं. पलंग उन्हात किती लहान दिसतो. क्वार्टर सोडायची तारीख आली होती. काकी मुलांना घेऊन जामुलला भावाकडे चालली होती.

जाण्याआधी ती रस्ता ओलांडून आली. हातात हे ताट, क्रोशाच्या रुमालाखाली अइरसा. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात त्या वर्षी सणाची कढई चढत नाही; आईच्या चेहऱ्यावर तेच उमटलं असणार, कारण काकी म्हणाली, “तिहार बर नो हे, दीदी. बिदा बर ए.” सणासाठी नाही, निरोपासाठी.

आईनं ताट घेतलं. मग तिनं अनारशाच्या पिठाचा डबा उघडला, बोटानं दाबून पाहिलं आणि तो बंद केला. पीठ मुरलं नव्हतं.

“रिकामं कसं देऊ वो?” ती म्हणाली. “जामुल का दूर आहे. अनारसे झाले का मी स्वतः घेऊन येते.”

“आबे, दीदी,” काकी म्हणाली. ये.

चिमूटभर साखर घालून देता आलं असतं. आईला ती अपुरी वाटली. एवढ्या मोठ्या निरोपाला साखर कशी पुरेल, असं तिला वाटलं असणार, आणि त्यात प्रेम होतं याबद्दल मला शंका नाही. अनारसे झाले. आम्ही ते खाल्ले. त्या आठवड्यात कोणीतरी आजारी होतं, मग पाहुणे, मग परीक्षा. पुढच्या दिवाळीला जाऊ. त्याच्या पुढच्या. भिलाईहून जामुलला जाणारी बस आमच्या चौकातून सुटायची. खिडकीशी बसलं तर सिमेंट कारखान्याची चिमणी दिसायला लागेपर्यंत शेंगदाण्याची पुडीही संपत नाही. जितकी वर्षं गेली तितकं ताट जड होत गेलं. एका वर्षाच्या उशिराला अनारसे पुरले असते. पाच वर्षांच्या उशिराला साडी लागली असती. त्यानंतर काय न्यावं हे आईला सुचेना. बाबा निवृत्त झाले, आम्हीही क्वार्टर सोडलं आणि ताट आमच्यासोबत स्मृति नगरात आलं. ते इथे कधीच वापरलं गेलं नाही. दुसऱ्याच्या नावाच्या ताटात आई आम्हाला वाढणार नव्हती.

मी या वेळी भिलाईत आले ती केवळ आवराआवरीसाठी नव्हे. ज्या कंपनीत मी काम करते ती दिवाळीच्या भेटपेट्या बनवते: जाड पुठ्ठ्याची पेटी, आत कप्पे, प्रत्येक कप्प्यात वेगळ्या प्रांतातला ‘घरगुती’ पदार्थ, वर सोनेरी फीत आणि बनवणाऱ्या बाईच्या छायाचित्राचं एक कार्ड. मोठी कार्यालयं त्या घाऊक घेतात आणि ज्यांना द्यायच्या त्यांच्या पत्त्यांची यादी सोबत पाठवतात. छत्तीसगडचा कप्पा रिकामा होता आणि तो भरण्याची कल्पना माझी होती. या कामावर माझी पुढची पायरी अवलंबून होती, हे लपवण्यासारखं नाही. चार दिवस मी इथल्या दुकानांतून नमुने गोळा केले. ‘घर का स्वाद’ लिहिलेल्या पुड्यांतली खुरमी यंत्रानं कापलेली आणि जुन्या पामतेलाच्या वासाची. ठेठरी इतकी एकसारखी की तिला कोणाचे हात लागले नाहीत हे लगेच कळावं. अइरसा तर कुठेच नव्हतं. टिकत नाही, असं दुकानदार म्हणाले. टिकतं. पाकाची तार बरोबर असली की टिकतं.

आईनं तांदूळ भिजवला. अर्धं सामान खोक्यांत गेलेलं असताना तिनं पंचा पसरला, पीठ दळलं, डब्यात दाबलं आणि त्यावर रोज हात ठेवून पाहू लागली.

“कुरिअर करून द्या ना,” बाबा पुस्तकं बांधता बांधता म्हणाले. “एका ताटासाठी गाडीची तारीख पुढं ढकलता का?”

“तुमाले तं सगळंच कुरिअर,” आई म्हणाली.

तिचे गुडघे आता बसची पायरी चढू देत नाहीत, आणि खरं सांगायचं तर केवळ गुडघेच नव्हे. जायचं मला होतं. मी म्हटलं, बरंच झालं, मला काकीशी कामही आहे. तिच्या हातचं अइरसा पेटीत घालता आलं तर तिलाही चांगलं उत्पन्न होईल.

आईचा हात खसखशीवर थांबला. “ताट द्यायले जातेस तं ताटच द्यायले जाय. त्यात तुया कंपनीचं घुसवू नको.”

“कावून? तिचंच भलं आहे त्यात.”

“भलं असन. दुसऱ्या दिवशी जाजो त्याच्यासाठी.”

दुसरा दिवस नव्हता. माझं परतीचं तिकीट होतं. अनारसे उतरले, एकही हसला नाही. सोनेरी, जाळीदार, खसखशीचा चेहरा वर. आईनं ते दुलारीच्या ताटात गोल रचले, स्वतःच्या लग्नातला क्रोशाचा रुमाल त्यावर घातला आणि माझ्यासोबत फाटकापर्यंत आली. “सांगजो, मी येणारच होती,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “नको. काही नको सांगू.”

जामुलमध्ये झाडांची पानं राखाडी असतात. काकीचं घर विचारत विचारत सापडलं. दारात सिमेंटच्या रिकाम्या गोणी धुऊन वाळत घातल्या होत्या, आणि त्यांच्या मागे, पेरूच्या नव्हे तर कडुनिंबाच्या झाडाखाली, तेच उखळ. ते ती कसं घेऊन गेली असेल, असा विचार माझ्या मनात आजवर कधी आला नव्हता.

“दीदी के नोनी अस का?” तिनं मला ताटाच्याही आधी ओळखलं. दीदीची मुलगी ना तू? केस पांढरे, आवाज तोच. तिनं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी ताट तिच्या हातात दिलं. तिनं रुमाल बाजूला केला, एक अनारसा उचलला, मोडला आणि त्याची जाळी उजेडात धरली.

“बने जागिस ए दारी,” ती म्हणाली. या वेळी पीठ चांगलं जागं झालं. आणि हसली. ते हसू मी ओळखत होते. तिथेच मी उठले असते तर ही आठवण वेगळी झाली असती.

मी विचारलं, “काकी, आप अभी भी अइरसा बनाती हैं?” आणि मग कामाचं सांगितलं, नीट, टप्प्याटप्प्यानं, जसं मला सांगता येतं. तिनं मध्ये कुठेही अडवलं नाही.

“कोन खाही?” शेवटी तिनं विचारलं.

“बड़े शहरों के लोग. दिवाली पर एक-दूसरे को देते हैं.”

“चिन्हथें एक-दूसर ला?” ओळखतात एकमेकांना?

“हमेशा नहीं.”

“त डब्बा म वापस का आथे?”

मग त्या डब्यात परत काय येतं. मी म्हटलं, काही नाही, डबा परत येत नाही, तो तसाच बनवलेला असतो.

“बने हे,” काकी म्हणाली. “झंझट नइ हे.” बरं आहे, कटकट नाही. आणि लगेच पुढे, “मोर फोटू घलो लगाहू?” माझा फोटोही लावणार? ते तिनं कुठे ऐकलं कोण जाणे. मी होकार दिला.

ती उठली. अनारसे एकेक करून तिनं आपल्या टोपलीत काढून घेतले, अलगद, खसखस न सांडता. खाण्याची वस्तू मी परतवत नाही, असं काहीसं पुटपुटली. मग ताट घेऊन नळाशी गेली, राखेनं घासलं, धुतलं, पदरानं पुसलं. रुमालाची घडी घातली. आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवलं.

“काकी, यह थाली तो आपकी है,” मी म्हटलं. “आपका नाम है.”

तिनं कोरलेल्या टिंबांवरून अंगठा फिरवला, जणू ती वाचता येतात का ते पाहत होती. “ये म सेक्टर दस लिखाय हे, नोनी,” ती म्हणाली. “मैं सेक्टर दस के नो हंव.”

यावर सेक्टर दहा लिहिलंय, मी सेक्टर दहाची नव्हे. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी ताट आणि रुमाल घेऊन उठले.

परतीच्या वाटेवर ताट मांडीवर होतं आणि मी विचार करत होते, कारण दुसरं काही मला येत नाही. एका प्रयोगात एकाच वेळी दोन गोष्टी बदलू नयेत. परिणाम कशामुळे झाला ते मग सांगता येत नाही. ताट रिकामं परत आलं ते एवढ्या वर्षांच्या उशिरामुळे की माझ्या पेटीमुळे, हे आता मला कधीच कळणार नाही. आईनं तेच सांगितलं होतं, फक्त प्रयोगशाळेच्या भाषेत नव्हे. काकीला मी पुन्हा विचारणार नाही; छत्तीसगडचा कप्पा यंत्रानं कापलेल्या खुरमीनं भरला जाईल. कार्डावर कोणाचं तरी छायाचित्र असेल. ज्यांना ती पेटी मिळेल त्यांना फरक कळणार नाही, आणि त्यांच्याकडून आम्हाला काही परत यायचंही नाही.

आई फाटकाशीच उभी होती.

“भेटली?”

“भेटली. अनारसे ठेवून घेतले. म्हणाली, पीठ चांगलं जागलं.”

आईचा चेहरा उजळला. मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. “आणि हे?”

मी ताट दिलं. आई ते स्वयंपाकघरात खिडकीपाशी घेऊन गेली. घडी घातलेला रुमाल उलगडून तिनं झटकून पाहिला. मग ताट उजेडात तिरपं धरलं. ते आरशासारखं स्वच्छ होतं. तिनं मध्यभागी बोट टेकवलं, काठापर्यंत सावकाश फिरवलं, आणि ते बोट जिभेला लावलं.